डावा मेंदू, उजवा मेंदू: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

लकव्यानंतर अडलेली वाचा मोकळी करायची, हे माझं सोलापुरातलं रोजचं काम. रुग्णासोबत आलेले नातेवाईक असोत की शाळकरी मुलांचे आईवडील, डावा मेंदू आणि उजवा मेंदू हा विषय हटकून निघतो. दोघांना कामं वाटून दिलेली आहेत आणि एक बिघडला की त्याच्याकडची कामं कायमची गेली, अशी बहुतेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. हे वेळेवर कळलं तर घरच्यांची रुग्णाशी वागण्याची रीतच बदलते, म्हणून ही उत्तरं जरा ऐसपैस लिहिली आहेत.

मेंदू खरंच दोन भागांचा असतो का?

मोठा मेंदू, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं प्रमस्तिष्क, एका खोल भेगेनं डाव्या आणि उजव्या अर्धगोलात विभागलेलं असतं. भेगेच्या तळाशी कॉर्पस कॅलोझम नावाचा पांढरा, जाड पट्टा दोघांना जोडतो. लांबी साधारण १० सेंटिमीटर, आणि त्यात सुमारे २० कोटी चेतातंतू. एका बाजूचा निरोप दुसरीकडे पोचायला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याच्या थोडा मागेपुढे वेळ लागतो.

मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंपैकी दहातले जवळजवळ नऊ मस्तिष्कपुच्छाच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला मिळणाऱ्या भागाच्या, खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ अडकली की उजवा हात-पाय लुळा पडतो. डोळ्यांच्या बाबतीत गैरसमज फार आहे. डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो असं नाही. समोरच्या दृश्याची डावी बाजू, मग ती कोणत्याही डोळ्यानं दिसो, उजव्या भागाकडे जाते आणि उजवी बाजू डाव्या भागाकडे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डावा मेंदू हिशेबाचा आणि उजवा कलेचा, हे खरं ना?

नाही. मुलांच्या क्लासच्या जाहिरातीत, नोकरीच्या मुलाखतीत, मोबाइलवरच्या चाचण्यांत हे इतकं फिरलंय की लोकांना ते विज्ञानच वाटतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक हजारावर माणसांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. काही कामांच्या जोडण्या एका बाजूला जास्त घट्ट होत्या, पण एखाद्या माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा भाग वरचढ आहे, असं काही आढळलं नाही.

साधा हिशेब घ्या. भाजीवालीला पाचशेची नोट दिली आणि एकशे पस्तीस वजा करायचे आहेत. पाठ केलेले पाढे आणि वजाबाकीची रीत यात डाव्या भागाचा वाटा मोठा. पण उरलेली रक्कम साधारण किती असावी, हातात आलेले सुटे पैसे कमी तर वाटत नाहीत ना, हा अंदाज दोन्ही बाजू मिळून बांधतात. चित्र काढणाऱ्याचंही तसंच. मुलाला ‘तू उजव्या मेंदूचा, गणित तुझ्या नशिबी नाही’ असं सांगणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. त्या एका वाक्यानं मूल प्रयत्नच सोडून देतं.

म्हणजे दोघांत फरक काहीच नाही?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. १८६१ मध्ये पॅरिसमधले डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाला ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येत होता. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला दिसला. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ मध्ये ब्रोकांनी ठामपणे मांडलं की आपण डाव्या अर्धगोलानं बोलतो. १८७४ मध्ये जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी भाषा समजण्याशी संबंधित जागा डाव्या बाजूलाच, जरा मागे दाखवली. उजव्या हातानं काम करणाऱ्या शंभरातल्या सुमारे ९५ जणांची भाषा मुख्यतः डावीकडे असते.

पण बोलणं म्हणजे नुसते शब्द नव्हेत. ‘वा, फार छान केलंस’ हे आईनं कौतुकानं म्हटलं की दुधाचं पातेलं उतू गेल्यावर म्हटलं, ते तिच्या सुरावरून कळतं. हा सूर ओळखण्यात आणि आपल्या बोलण्यात तो आणण्यात उजव्या भागाचा वाटा मोठा आहे. टोमणा, चेष्टा, गोष्टीतलं न बोललेलं समजणं, हेही त्याच्याशिवाय अवघड होतं. शब्द एकीकडून, सूर दुसरीकडून, आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच वाक्य ऐकू येतं.

मधला पट्टाच कापला तर काय होतं?

हे प्रत्यक्षात झालेलं आहे. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात, म्हणजे फिट्सच्या आजारात, झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून १९४० च्या सुमारास अमेरिकेत काही रुग्णांचा हा पट्टा कापला गेला. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली आणि रॉजर स्पेरी व त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी त्या रुग्णांच्या चाचण्या घेतल्या. स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते या कामासाठी.

रुग्णाला पडद्याच्या मध्यावर नजर स्थिर ठेवायला सांगत आणि डाव्या बाजूला क्षणभर एखाद्या वस्तूचं चित्र दाखवत. चित्र उजव्या भागाकडे गेलं, पण बोलणारा डावा. ‘काय दिसलं?’ विचारलं की तो म्हणे, काहीच नाही. मग पडद्याआड ठेवलेल्या वस्तूंत डावा हात घालायला सांगितला की तोच हात नेमकी ती वस्तू चाचपून उचलायचा.

मला सगळ्यात विचारात पाडणारा प्रयोग गॅझानिगांचाच, नंतरचा. डाव्या भागाला कोंबडीच्या पायाचं चित्र दाखवलं, उजव्याला बर्फानं वेढलेल्या घराचं. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितल्यावर उजव्या हातानं कोंबडी दाखवली, डाव्यानं बर्फ उपसायचं फावडं. फावडं कशाला, असं विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या भागानं एका क्षणात उत्तर दिलं: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला. बर्फ त्याला माहीतच नव्हता. तरी तो अडखळला नाही, आणि तो खोटंही बोलत नव्हता. हाती असलेल्या माहितीतून त्यानं कारण जुळवलं आणि त्यावर विश्वासही ठेवला. लकव्याच्या रुग्णानं घडलेल्या गोष्टीचं भलतंच कारण सांगितलं तर घरच्यांनी हा प्रयोग आठवावा आणि ‘खोटं बोलतात’ म्हणू नये.

एवढं असूनही हे रुग्ण रोजच्या व्यवहारात बरेचसे आपल्यासारखेच वागत. डोळे सतत फिरतात, त्यामुळे दोन्ही भागांना सगळं दिसत राहतं, आणि खोलवरच्या इतर जोडण्या शाबूत असतात. काहींना सुरुवातीच्या काळात मात्र विचित्र अनुभव आले: उजवा हात सदऱ्याची बटणं लावतोय आणि डावा ती काढतोय.

दोन हातांनी एकच काम करताना मेंदूत काय चालतं?

याचं उत्तर सोलापुरात कुठल्याही विडी वळणाऱ्या मावशींसमोर बसून बघावं. मांडीवर सूप. भिजवलेलं पान कात्रीनं कापून झालेलं. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू. पानावर तंबाखू पसरते ना पसरते तोच दोन्ही हातांची बोटं गुंडाळी सुरू करतात. एक बाजू ओढून धरते, दुसरी पुढे सारते, मग दोरा फिरतो आणि टोक दुमडलं जातं. मावशींचं लक्ष शेजारणीच्या बोलण्याकडे.

उजव्या हाताची बोटं डावा भाग हलवतो, डाव्या हाताची उजवा. डावा हात पान किती ताणून धरतोय ही खबर पट्ट्यातून पलीकडे गेली नाही तर उजवा हात पान फाडून टाकेल. शिवाय निरोप नुसता ‘कर’ असा नसतो, ‘थांब’ असाही असतो. एका हाताचं बारीक काम चालू असताना दुसऱ्यानं त्याची नक्कल करू नये म्हणून दोन्ही भाग एकमेकांना आवरत असतात. लहान मुलांत हे आवरणं कच्चं असतं. पहिलीतलं मूल एका हाताची बोटं मोजताना दुसऱ्या हाताचीही हलवतं. दहाव्या वर्षाच्या आसपास ही सवय बहुतेकांची जाते. पट्ट्यातल्या तंतूंवरचं आवरण पक्कं होण्याचं काम तर विशीतही चालू असतं.

स्वतः करून बघा: दोन हातांत दोन पेन्सिली घ्या आणि एकाच वेळी एकानं गोल, दुसऱ्यानं चौकोन काढा. गोलाला कोपरे येतात, चौकोन गोलसर होतो. पट्टा कापलेल्या रुग्णांना अशा वेगवेगळ्या आकृत्या आपल्यापेक्षा सहज जमल्या, कारण एका हाताची खबर दुसऱ्याला लागतच नव्हती. मात्र दोन्ही हातांच्या मेळाचं नवं काम शिकणं त्यांना फार जड गेलं.

आप्पांचं बोलणं गेलं, पाणीसुद्धा मागता येत नाही. पण आरती सगळी म्हणतात. नाटक करतात का?

मुळीच नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो, आणि तो विचारताना मुलांच्या डोळ्यांत आशा आणि संशय दोन्ही असतात.

जुळवून बोलणं, म्हणजे मनात आलेल्या गोष्टीसाठी शब्द शोधणं आणि ते ओळीत मांडणं, हे डाव्या भागाचं काम. तिथं इजा झाली की तेच अडतं. पाठ असलेलं आणि सुरातलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं आणि त्यात उजव्या भागाची साथ मोठी असते. आरती, अभंग, एक ते दहा आकडे, वारांची नावं, ‘अरे देवा’, कधी कधी शिवीसुद्धा. इंग्लंडचे डॉक्टर ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं होतं. शिवी आली तर लाजू नका, ती त्यांनी ठरवून दिलेली नसते.

या वाटेचा उपयोग करणारी एक उपचारपद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. छोटं, रोज लागणारं वाक्य सुरात म्हणायचं, प्रत्येक अक्षराबरोबर डाव्या हातानं हलका ताल धरायचा, आणि हळूहळू सूर कमी करत ते साध्या बोलण्यावर आणायचं. ‘पा-णी दे’ हे दोन सुरांत म्हणून बघा. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. ज्यांना समजतं बरं, पण बोलणं तुटक झालंय, त्यांना जास्त येतो. नुसती आरती रोज म्हणून घेतल्यानं पाणी मागता येईल असं मात्र नाही. सुरात घालायचं ते रोजच्या गरजेचं वाक्य.

आमच्या आईच्या अंगाची डावी बाजू गेली, पण बोलते व्यवस्थित. म्हणजे थोडक्यात निभावलं ना?

इथं मला सावध करायचंय. बोलणं शाबूत म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि मेंदूच्या उजव्या भागाची इजा नजरेआड राहते.

आईचं ताट बघा. उजवीकडची भाकरी आणि भाजी संपलेली, डावीकडची शेंगाचटणी आणि वरणाची वाटी तशीच. वर तक्रार, ‘मला चटणी वाढलीच नाही.’ ताट अर्ध्यानं फिरवलं की तीच चटणी आवडीनं खातात. वेणी एका बाजूचीच विंचरतात. डावीकडून हाक मारली की उजवीकडे बघतात. डोळे चांगले असतात, पण डावी बाजू ‘आहे’ हेच लक्षात येत नाही. याला दुर्लक्ष म्हणतात, आणि ते मुद्दाम केलेलं नसतं.

इटलीत मिलान शहरात १९७८ मध्ये एदुआर्दो बिसियाक आणि क्लाउदियो लुत्साती यांनी अशा रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरच्या चौकाचं मनातल्या मनात वर्णन करायला सांगितलं. चौकाच्या एका टोकाला उभं आहोत अशी कल्पना केल्यावर त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग उलट्या टोकाला उभं राहायला सांगितलं, तर आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गेल्या. आठवण पुसलेली नव्हती, लक्ष एका बाजूला पोचत नव्हतं. आपल्याकडे हेच नवी पेठेतल्या दुकानांवर करून बघता येतं: एका टोकाकडून चालतोय असं समजून दुकानं सांगायची, मग दुसऱ्या टोकाकडून.

काहींना तर आपला हात लुळा आहे हेच मान्य नसतं. फ्रान्सचे डॉक्टर बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये या स्थितीला नाव दिलं. ‘मला काही झालेलं नाही, घरी चला’ असं रुग्ण ठासून सांगतो आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. अशा वेळी रुग्णाचं ऐकून नव्हे, त्याच्या हातापायांकडे बघून निर्णय घ्या.

घरात करायच्या गोष्टी: ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि जेवताना ‘पट्टी दिसेपर्यंत मान वळवा’ अशी सवय लावा. गप्पा मारायला शक्यतो डावीकडे बसा, मात्र सुरुवात समोरून करून हळूहळू सरका. जिन्यावर आणि रस्त्यावर एकटं सोडू नका.

तोंड वाकडं झालं की लकवाच का?

कपाळाला दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतो. म्हणून मेंदूच्या झटक्यात सहसा ओठाचा कोपरा ओघळतो, पण कपाळावर आठ्या घालता येतात. चेहऱ्याची नसच सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत राहतं आणि डोळा मिटत नाही. हे माहितीसाठी सांगितलं. घरी बसून निदान करू नका, दोन्हींत लगेच दाखवा.

घरात तेलुगू, बाहेर मराठी, थोडं कन्नड. कोणती भाषा परत येईल?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरांत हा प्रश्न अगदी नेहमीचा. एकेक भाषा मेंदूच्या एकेका बाजूला साठवलेली नसते. सगळ्यांचा मुख्य कारभार बहुधा डावीकडेच. बऱ्याच जणांत सगळ्या भाषा सोबतच सुधारतात. काहींत लहानपणची आधी, काहींत अलीकडे जास्त वापरलेली आधी. ज्या भाषेत आजी रागावते, देवाशी बोलते आणि नातवाला हाक मारते, तिथूनच उपचार सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. थेरपिस्टला तेलुगू येत नसेल तर घरातल्या कोणीतरी सोबत बसावं.

मुलगा डावखुरा आहे. हात बदलायला लावू का?

नको. शंभरात सुमारे दहा माणसं डावखुरी असतात, आणि त्यांतल्याही सुमारे ७० टक्के लोकांची भाषा डाव्याच भागात असते. लिहिण्याचा हात मुलानं निवडावा. जेवताना उजवा हात हवा, असा घरच्या मोठ्यांचा आग्रह असेल तर तेवढं शिकवा, पण मारून नव्हे, आणि पेन्सिलीला हात लावू नका.

मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या क्लासला घालू का? म्हणतात दोन्ही मेंदू जोडतात.

पैसे वाचवा. मिडब्रेन हा मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा, वरचा भाग. डोळ्यांची हालचाल, आवाजाच्या दिशेला मान वळणं अशा गोष्टींत तो असतो आणि जन्मापासून चालू असतो. या क्लासमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. पुस्तक कपाळाच्या वर किंवा डोक्यामागे धरा, वाचन थांबतं. वाईट याचं वाटतं की आईवडिलांना खूश करण्यासाठी मुलाला फसवायला शिकवलं जातं.

मग लेझीम, तबला, पेटी यांचा उपयोग?

लहानपणापासून वाद्य वाजवणाऱ्यांवर अभ्यास झाले आहेत. जर्मन संशोधक गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की वयाच्या सातव्या वर्षाआधी शिकायला लागलेल्या वादकांत दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याचा पुढचा भाग मोठा होता. पण त्यामुळे मूल गणितात पहिलं येईल असा अर्थ काढू नये. लेझीम आनंदासाठी खेळू द्या.

बायकांच्या मेंदूचे दोन भाग जास्त जोडलेले असतात का?

१९८२ मध्ये मोजक्या मेंदूंवरून बायकांचा पट्टा मागच्या बाजूला मोठा असल्याचं छापून आलं आणि ते जगभर झालं. १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासल्यावर तसा फरक टिकला नाही.

अर्धा मेंदू काढूनही मुलं जगतात, हे खरं?

खरं. रासमुसेन नावाच्या आजारात मेंदूचा एक भाग सतत सुजत जातो आणि फिट्स थांबत नाहीत. अशा लहान मुलांचा एक अर्धगोल काढतात किंवा तोडून वेगळा करतात. बरीच मुलं पुन्हा चालतात, डावा भाग काढला असला तरी वय लहान असेल तर बोलतातही. किंमत द्यावी लागतेच: एका हाताच्या बोटांची बारीक हालचाल आणि दृश्याची एक बाजू परत मिळत नाही. काही जणांत तर कॉर्पस कॅलोझम जन्मतःच तयार झालेला नसतो. मोठ्यांच्या मेंदूत एवढी लवचिकता नसते, पण शून्यही नसते.

लकव्याचा झटका आला त्या क्षणी काय करायचं?

चेहरा, हात, बोलणं यांतलं एकही अचानक बिघडलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव नाही ना हे स्कॅनशिवाय कळत नाही. अक्कलकोट, मोहोळच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्यांचा अर्धा वेळ ‘थोडं बघू, झोपून उठल्यावर बरं वाटेल’ यातच जातो. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, औषध, काढा काहीही घालू नका. गिळण्याचं काम दोन्ही भाग मिळून करतात, म्हणून ते पुष्कळांचं काही आठवड्यांत सुधारतं, पण पहिल्या दिवशी घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो.

बोलणं कधीपर्यंत सुधारत राहतं?

पहिल्या तीन महिन्यांत वेग सगळ्यात जास्त असतो. इजा झालेल्या जागेच्या आसपासचा डावा भाग आणि पलीकडचा उजवा भाग, दोघेही काम उचलायला बघतात. पुढे वेग मंदावतो, पण वर्षानंतरही नवे शब्द येणारे रुग्ण मी बघते. रोज थोडं, पण न चुकता. एका वेळी एकानंच बोलावं, टीव्ही बंद ठेवावा, प्रश्न ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा विचारावा. आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुम्ही ते पूर्ण करून टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा, मग मदत करा.